दादाचं मीठ कुणी बंद केलं?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मनोरुग्णालयात बरे होऊनही घरचे न्यायला येत नाहीत अशा पेशंट्सची बातमी तुमच्या पेपरात वाचली, आणि शेवटी नेहमीची मागणी, यांच्यासाठी घरं काढा. काढा ना, काढायलाच हवीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १९ मध्ये स्पष्ट लिहिलंय की कुटुंब नाही, घर नाही एवढ्या कारणासाठी कुणाला हॉस्पिटलात अडकवून ठेवता येणार नाही. पण माझा मोठा भाऊ चार वर्षं अशाच एका घरात राहतोय, त्यामुळं सांगते, घर मिळाल्यावर खरी गंमत सुरू होते, कारण घर बघणारी माणसं वेगळी, औषध बघणारी वेगळी आणि दोघांचं एकमेकांशी बोलणंच नाही.

दादाचं घर म्हणजे पुण्यातल्या एका साध्या सोसायटीत भाड्याचा फ्लॅट. चौघं राहतात, एक ताई दिवसरात्र मुक्कामाला असते. घर चालवणाऱ्या संस्थेचा एक मुलगा भाडं, लाइटबिल, अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, पोलीस व्हेरिफिकेशन हे सगळं सांभाळतो. औषधं मात्र हॉस्पिटलच्या ओपीडीतून, महिन्यातून एकदा, समोर डॉक्टर कोण असेल ते त्या दिवशीच कळणार.

मागच्या एप्रिलमध्ये दादाचं बीपी जरा वाढलेलं निघालं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सांगितलं, गोळी नंतर बघू, आधी मीठ कमी करा. ताईने मनावर घेतलं, लोणचं-पापड बंद, दादाची आमटीसुद्धा मीठ घालायच्या आधी वेगळी काढायची. आता दादाला लिथियम, म्हणजे मनाचा तोल सांभाळणारी गोळी, चालू आहे, आणि शरीरातलं मीठ-पाणी कमी झालं की किडनी लिथियम नीट बाहेर टाकत नाही, ते रक्तात साठत जातं, त्यात पुण्याचा एप्रिल आणि घामाच्या धारा. दवाखान्याला गोळ्यांचं माहीत नाही, ओपीडीला मिठाचं माहीत नाही, आणि ताईला या दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध असतो हे चार वर्षांत कुणी सांगितलेलंच नाही.

कळलं ते सुद्धा ताईलाच, बशीवरून. दादा चहा बशीत ओतून पितो. बशी थरथरायला लागली, शर्टावर डाग पडायला लागले, तशी ती कप अर्धाच भरायला लागली. तिची एक शंभरपानी वही आहे, मी पाहिलीये, "आज चहा सांडला, दोनदा", दुसऱ्या दिवशी "जुलाब", त्याच्या पुढच्या दिवशी "चालताना भिंत धरतात". ओपीडीच्या तारखेला ती वही घेऊनच गेली होती. तुम्ही नातेवाईक का, नाही ना, मग बाहेर थांबा. आत दादा एकटा, कसं वाटतंय विचारल्यावर म्हणाला बरं आहे. दादा सगळ्यांनाच बरं आहे म्हणतो हो! त्याच गोळ्या रिपीट. चार दिवसांनी जीभ जड झाली, रात्री रिक्षाने अ‍ॅडमिट केला, रक्तात लिथियम भलतंच वाढलेलं. वाचला, एवढंच.

अकरा दिवस तो आत होता आणि नेमकं तेव्हाच अ‍ॅग्रीमेंट संपत होतं. घरमालक विचारतोय माणूस परत येणार आहे का नाही, म्हणून त्या मुलाने हॉस्पिटलात फोन करून डिस्चार्ज कधी विचारलं, तर पेशंटची माहिती देता येत नाही. कायद्याने बरोबरच आहे त्यांचं. पण दादाला विचारायचं होतं ना, त्याने एका मिनिटात सही करून दिली असती. त्याच आठवड्यात सोसायटीच्या सेक्रेटरीने या मुलाला जिन्यात गाठून विचारलं, नक्की आजार काय आहे त्यांना, तर हा म्हणाला उन्हाळा बाधला. मला फार आवडलं ते. सेक्रेटरीला सांगायचं नाही ते नाहीच, पण जी बाई रोज हातात गोळ्या देते तिच्यापासून काय लपवताय?

हे जगात कुणाला सुचलं नाही असं नाही. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम त्सेम्बेरिस यांनी रस्त्यावरच्या मानसिक आजारी माणसांना आधी घर द्यायचं काम सुरू केलं तेव्हा घराच्या जोडीला डॉक्टर, नर्स, सोशल वर्कर अशी आख्खी टीम होती. अशा टीमची पद्धत त्याच्याही आधी, १९७० च्या दशकात, अमेरिकेतल्याच मॅडिसनमध्ये बसवलेली, रोज सकाळी सगळ्यांनी एकत्र बसून एकेका माणसाचं काय चाललंय ते बोलायचं. आपल्याकडं रोज नको, आठवड्यातून एकदा बोला.

आता आमच्याकडं दर सोमवारी पंधरा मिनिटं फोन होतो, ताई, तो मुलगा आणि ओपीडीतल्या एक नर्सबाई. दादाच्या संमतीचा कागद फायलीला लावलाय. फ्रिजवर चिठ्ठी आहे: मीठ नेहमीएवढंच, पाणी भरपूर, जुलाब-उलटी झाली तर गोळी द्यायच्या आधी फोन, अंगदुखीची गोळी परस्पर द्यायची नाही. अ‍ॅग्रीमेंट कधी संपतंय तेही नर्सबाईंना माहीत असतं. पण हे त्यांनी स्वतःहून चालवलंय, त्यांच्या ड्यूटीत ते कुठंच लिहिलेलं नाही. मे महिन्यात त्या रजेवर गेल्या तर तीन सोमवार फोनच नाही.

म्हणून सरकारला सांगणं एवढंच, घरं काढाल तेव्हा हा सोमवारचा फोन दोन्हीकडच्या माणसांच्या कामात लिहून टाका, त्या वेळेचे पैसे द्या, नर्स रजेवर असेल तर कोण बोलणार त्याचं नाव ठेवा, आणि पेशंटची हरकत नसेल तर ताईला केबिनमध्ये खुर्ची द्या, वहीसकट.

आपली,
एक बहीण, पुणे