चार संघ गेले, पाचव्याची हमी कोण देणार? क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र

मा. क्रीडामंत्री,
न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोर प्रांत, कॅनडा

स. न. वि. वि.

इंग्रजी प्रत वेगळी पाठवली आहे. पण पोटातलं बोलायचं तर मला मराठीच लागते.

गेल्या आठवड्यात एका सभेत मी एवढंच विचारलं, की सेंट जॉन्सला आलेला नवा आइस हॉकी संघ उद्या गेला, तर हंगामाची तिकिटं आगाऊ घेणाऱ्यांच्या पैशांची हमी कोण घेणार? एक अधिकारी म्हणाले, "मागचं उगाळून काय उपयोग?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बसलो. ती रात्र मला झोप लागली नाही.

मागचं म्हणजे काय, ते ऐका. १९९१ पासून सेंट जॉन्स मेपल लीफ्स होते. २००५ मध्ये त्यांच्या मालकाने, टोरोंटोच्या मोठ्या क्लबने, आपला हा राखीव संघ घराजवळ नेला. लगेच ज्युनियर गटातले फॉग डेव्हिल्स आले आणि तीन हंगामांत मॉन्ट्रियलला गेले. २०११ मध्ये आईसकॅप्स आले, २०१७ मध्ये गेले मॉन्ट्रियलजवळच्या लावालला, कारण मॉन्ट्रियलच्या मोठ्या क्लबलाही आपली पोरं हाकेच्या अंतरावर हवी होती. आम्ही बेटावरचे, इथे प्रत्येक पाहुणा संघ विमानाने येतो. हिशेबाच्या वहीत आम्ही कायम खर्चाच्या बाजूला.

मग २०१८ मध्ये ग्राउलर्स आले. मी २०१६ च्या जानेवारीत सांगलीहून इथे आलो. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात रात्रपाळी, दिवसभर झोप, बोलायला कोणी नाही. स्टेडियममध्ये शेजारच्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्याने मला ऑफसाइड म्हणजे काय ते शिकवलं, थर्मासच्या झाकणात चहा दिला, अर्धी घोंगडी माझ्या गुडघ्यांवर टाकली. या गावात मला आपलं म्हणणारा तो पहिला माणूस. २०१९ मध्ये ग्राउलर्सने पहिल्याच हंगामात केली कप, म्हणजे त्यांच्या ईसीएचएल या लीगचं विजेतेपद, जिंकला, आमच्याच गावचा झॅक ओब्रायन प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हा तो म्हातारा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. लीफ्स ज्या मेमोरियल स्टेडियममध्ये खेळायचे, तिथे आता सुपरमार्केट आहे. दूध आणायला गेला की तो मला दाखवायचा, "गोल इथे होता."

२ एप्रिल २०२४ ला ईसीएचएलने ग्राउलर्सचं सदस्यत्व रद्द केलं. हंगामाचे शेवटचे सामने बाकी होते. निरोपाचा एक सामनासुद्धा मिळाला नाही. माझ्या मुलाने जर्सी घडी करून ट्रंकेत ठेवली, डांबराच्या गोळ्यांसकट. नव्या संघाची नको म्हणतो. दहा वर्षांचं पोर विचारतं, "बाबा, हेपण जातील ना?" त्याला काय सांगू, साहेब?

आणि हा नवा संघ तरी आला कुठून? न्यू ब्रन्सविकमधल्या बॅथर्स्टहून. जेमतेम बारा हजार वस्तीचं गाव, २०१८ चा मेमोरियल कप, म्हणजे कॅनडाच्या ज्युनियर हॉकीचं सर्वोच्च विजेतेपद, जिंकलेलं. आमच्या घरी तोरण बांधताना त्यांच्या घरचं उतरवलं. ॲटलांटिक किनाऱ्यावर हेच चालत आलंय. नोव्हा स्कॉशियातल्या सिडनीचे केप ब्रेटन ऑइलर्स १९९३ चा काल्डर कप (लीफ्स खेळायचे त्याच लीगचं विजेतेपद) जिंकून १९९६ मध्ये हॅमिल्टनला गेले. न्यू ब्रन्सविकमधल्या सेंट जॉनचे फ्लेम्स २००१ मध्ये तोच कप जिंकले, २००३ मध्ये संपले. छोट्या गावांनी जीव लावायचा आणि मोठ्या शहरातल्या कोणीतरी एका सहीने तो उपटून न्यायचा. कारखान्यांचं तेच, मासेमारीचं तेच, दवाखान्यांचं तेच.

दुसरा रस्ता नाही असं सांगू नका. सस्कॅचेवानमधलं स्विफ्ट करंट सेंट जॉन्सपेक्षा कितीतरी लहान, पण ब्रॉन्कोज संघ गावाच्या मालकीचा आहे. मूस जॉ वॉरियर्सही तसेच. ते संघ कोणाच्या खिशात घालून नेता येत नाहीत.

मागणी साधी आहे. आगाऊ तिकिटांचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा, सामना झाल्याशिवाय मालकाला त्यातला डॉलर मिळू नये. स्टेडियम लोकांच्या पैशाचं आहे, त्याच्या भाड्याचा करार लोकांसमोर ठेवा. आणि संघ हलवायचा झाला तर विकत घेण्याचा पहिला हक्क गावाला द्या.

म्हातारा गेल्या हिवाळ्यात वारला. त्याच्या खुर्चीचं तिकीट यंदा मी घेतलंय, माझ्या खुर्चीसोबत. दोन्हींचे पैसे आगाऊ भरलेत. उत्तर लेखी द्या.

आपला,
वरच्या रांगेतला एक प्रेक्षक
सेंट जॉन्स