तेलाचा भाव मार्केट यार्डात ठरत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

सणासुदीला तुमच्या पेपरात 'खाद्यतेल महागलं' ही बातमी येतेच, खाली मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातला १५ किलोच्या डब्याचा भाव आणि कारण एका ओळीत, 'मागणी वाढल्याने'. अहो मागणी तर दर दिवाळीला वाढते, मग भाव दर वर्षी वेगळा का?

देशाला लागणारं निम्म्याहून जास्त तेल आपण बाहेरून आणतो, त्यात सगळ्यात जास्त पामतेल, आणि जगातलं ८० टक्क्यांहून जास्त पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून येतं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, तिकडचं सूर्यफूल तेल अडकलं, त्यात २८ एप्रिलपासून इंडोनेशियानं पामतेलाची निर्यातच थांबवली, जवळपास साडेतीन आठवडे, कारण त्यांच्याकडेच तेल महागून लोक चिडलेले. २०२५ पासून तर तोच देश डिझेलमध्ये ४० टक्के पामतेलाचं बायोडिझेल मिसळायला लागला, म्हणजे आपल्या कढईत येणारं तेल तिकडे ट्रकच्या टाकीत. आणि या पामच्या बागांसाठी तिकडच्या सुमात्रा-बोर्निओ बेटांवर किती जंगल गेलं! २०१५ ला तिथं वणवे पेटले तर धूर पार सिंगापूरपर्यंत.

माझं गाव लातूरकडचं, सोयाबीनच्या पट्ट्यातलं, म्हणून मला दुसरी बाजूही दिसते आणि जीव तुटतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं बाहेरून येणाऱ्या कच्च्या खाद्यतेलावरची मूळ कस्टम ड्युटी, म्हणजे आयातीवरचा कर, शून्यावरून २० टक्के केली, म्हणाले सोयाबीनला भाव मिळेल. तेल लगेच महागलं पण सोयाबीन काही क्विंटलला ४८९२ रुपयांच्या हमीभावाला पोचलं नाही. का? तर सोयाबीन गाळलं की तेल निघतं जेमतेम १८ टक्के, बाकी बहुतेक पेंडच, आणि पेंडीचा भाव ब्राझील-अर्जेंटिनाच्या पिकानं पाडलेला, शिवाय इथं इथेनॉल कारखान्यांतून मका-तांदळाचा चोथा स्वस्तात कोंबड्यांच्या खाद्यात जायला लागला. मग मे २०२५ ला ड्युटी २० वरून खाली १० टक्क्यांवर. यात पुण्यातल्या गिऱ्हाइकाचं आणि लातूरच्या शेतकऱ्याचं भांडण नाहीचे, पण बातम्या वाचून तसंच वाटतं, हे मला फार खटकतं.

म्हणून विनंती, बाजारभावाच्या चौकटीत मलेशियातला पामतेलाचा भाव, आपली ड्युटी आणि लातूरचा सोयाबीनचा व पेंडीचा भाव शेजारी शेजारी छापा. रोज नको, आठवड्यातून एकदा दिलं तरी चालेल.

– एक वाचक, बिबवेवाडी, पुणे