मिशीचा प्रश्न

गिरगाव, रविवार रात्र

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू इतका वैतागला होतास की मला हसूच आवरेना. नाटकात बाईचं काम मिळालंय, मिशी उतरवावी लागणार आणि काकू म्हणताहेत, "बाप जिवंत असताना मिशी काढतोस?" अरे, 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट करताना दादासाहेब फाळक्यांपुढे १९१२ साली हीच अडचण उभी राहिली होती म्हणतात!

हरिश्चंद्राची राणी तारामती करायला बाई मिळेना. तमाशातल्या, कोठ्यावरच्या बायकाही नको म्हणाल्या. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारा अण्णा साळुंके सापडला. तिथे त्याला महिना दहा रुपये मिळायचे, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. पाच रुपयांसाठी गडी राणी झाला. १९१३च्या मे महिन्यात 'राजा हरिश्चंद्र' लागला तो आमच्या गिरगावातच, कॉरोनेशन थिएटरमध्ये.

त्या चित्रपटाचा उरलेला तुकडा काल पुन्हा बघितला. राणी नि तिच्या सख्या हौदात खेळताहेत. लुगडी भिजून अंगाला चिकटलीत आणि बघता बघता कळतं, की हे सगळे बाप्ये आहेत. हात बघ, खांदे बघ! तरी साळुंकेची मान झुकवायची लकब खोटी वाटत नाही. रंगभूमीवरच्या स्त्रीपार्टीला गळा लागायचा. मूकपटात ती भानगड नाही, आवाज घोगरा असला तरी ऐकतंय कोण? सगळं काम डोळ्यांनी आणि हातांनी. तुला मात्र बोलायचंय, तेव्हा सर्दी सांभाळ.

पुढची गंमत ऐक. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमला अशा खऱ्या बायका पडद्यावर आल्या. तरी १९१७च्या 'लंकादहन'मध्ये सीता कोण? साळुंकेच. आणि राम? तोही साळुंकेच! म्हणजे अशोकवनात बसून स्वतःच्याच विरहात झुरायचं. पैसा एवढा जमला की गोण्या भरून बैलगाडीतून नेला म्हणे.

नंतर तो कॅमेऱ्यामागे गेला, छायाचित्रण करू लागला. मला ही गोष्ट त्या दोन्ही भूमिकांपेक्षा आवडते. इतके दिवस ज्या भिंगाने त्याला न्याहाळलं, ते त्याने स्वतःच्या डोळ्याला लावलं.

काकूंना साळुंकेची गोष्ट सांग, पण काका चहा पिऊन खुशीत असतील तेव्हा. प्रयोगाची तारीख कळव, शनिवार असेल तर रात्रीच्या गाडीने येतो. आणि मिशी उतरवण्याआधी एक फोटो काढून ठेव.

तुझाच,
बाळ्या