जुनी जीप घेताय? आधी तिच्या खाली शिरा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

यंदाच्या पावसाळ्यात माझ्या अंगणात तीन जुन्या फोर व्हील, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देता येणाऱ्या, गाड्या येऊन गेल्या. तिन्ही मालक पंचविशीच्या आतबाहेरचे. पहिल्याच पगारातून साठवलेले किंवा घरून मागून घेतलेले पैसे घालून गाडी आणलेली आणि तोंडात एकच वाक्य, "काका, एकदा बघून द्या, येत्या रविवारी डोंगरात न्यायचीय." एसटीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं काढून मी निवृत्त झालो, त्यामुळे आसपासच्या पोरांना माझं घर ठाऊक आहे. त्या तीन गाड्यांपैकी एकीमुळे हे पत्र लिहायला बसलोय.

बाहेरून गाडी देखणी होती. नवा हिरवा रंग, कंपनीच्या मापापेक्षा दोन नंबर मोठे टायर, टपावर लाइटची लांब पट्टी, पुढे जाड लोखंडी गार्ड. या सगळ्यावर पोराने सव्वा लाख घातले होते. मी गाडी अंगणातल्या तपासणीच्या खड्ड्यावर घेतली, टॉर्च घेऊन खाली उतरलो आणि त्याला म्हटलं, "इंजिन चालू ठेव आणि ब्रेकवर पाय दाब. जोरात. धरून ठेव." त्याने पाय दाबला. मागच्या ॲक्सलकडे जाणारा ब्रेकचा पाइप चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जिथे क्लिपने धरलेला असतो तिथे फुटला आणि ऑइलची धार माझ्या खांद्यावरून भिंतीवर गेली. वर पोराचा पाय थेट खाली गेला होता. क्लिपखाली पाणी साचून साचून पाइप कागदासारखा झाला होता. आदल्या संध्याकाळी तो चार मित्रांना घेऊन पाटणकडून कुंभार्ली घाट उतरून आला होता. ब्रेकची दोन सर्किटं असतात, एक गेलं तरी पुढचे ब्रेक थोडेफार लागतात हे खरं. पण पावसात, उतारावर, पाच माणसं भरलेली आणि मोठे टायर लावलेली जीप तेवढ्यावर थांबत नाही. पोर माझ्या पायरीवर बराच वेळ बसून होतं. मीही काही बोललो नाही.

त्याचा एकट्याचा दोष नाही. गाडी घेताना त्याने इंजिनचा आवाज ऐकला, सीट बघितल्या, एक फेरी मारली. विकणाऱ्यानेही तेवढंच दाखवलं. सगळीकडे हेच चालतं. मोटारगाडीचं एक वेळ निभावतं, पण डोंगरात, चिखलात, समुद्रावर वापरलेल्या जीपचं आयुष्य तिच्या पोटाखाली लिहिलेलं असतं आणि तिथे कोणी बघत नाही.

मी स्वतः डिसेंबर २०२३ मध्ये मारुतीची जुनी जिप्सी घेतली. काजूची बाग डोंगरावर आहे, शेवटचे तीन किलोमीटर जांभ्याच्या दगडातून कच्चा रस्ता. पावसात तिथे दुचाकी जात नाही, साध्या गाडीचं पोट टेकतं. जिप्सी वजनाला हलकी, पुढेमागे सरळ ॲक्सल आणि पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), घरच्या पान्यांनी उघडता येते. २०१९ पासून नवी मिळत नाही, म्हणून जुनीच बघायची होती. पाच गाड्या बघितल्या.

दुसरी गाडी मी विसरणार नाही. दापोली तालुक्यातली, पर्यटकांना किनाऱ्यावर फिरवायला वापरलेली. खालून चकचकीत काळी, जणू कालच फॅक्टरीतून आली. चौदा वर्षांच्या गाडीचं पोट इतकं काळं कसं, हा पहिला प्रश्न. हातोडी घेतली आणि पुढून मागे चेसिसवर हलके ठोके मारत गेलो. पुढे 'ठण्‌ ठण्‌' येत होतं. मागच्या चाकाच्या पुढे, जिथे पाट्याचं ब्रॅकेट चेसिसला बसतं, तिथे आवाज 'भद्‌' झाला, भोपळ्यावर मारल्यासारखा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावून दाबलं तर ते मुठीपर्यंत आत गेलं आणि ओला तपकिरी भुगा बाहेर पडला. चेसिस ही आतून पोकळ पेटी असते. वाळूवर, खाऱ्या पाण्यात गाडी घातली की ते पाणी आत शिरतं, निचऱ्याची भोकं चिखलाने बुजतात आणि लोखंड आतून सडत येतं. वरचा काळा थर फक्त झाकण घालतो. त्या जागी पाट्याचं ब्रॅकेट सुटलं तर मागचा ॲक्सलच तिरका होतो. मालक म्हणाले, "एवढं कोण बघतं हो?" मला त्यांचा राग आला नाही, पण ती गाडी पुढे कोणीतरी घेतली असणार हे मनातून जात नाही.

चौथी गाडी परजिल्ह्यातली. तिचं दार उघडलं आणि वास आला. आम्हा चिपळूणकरांना तो वास सांगावा लागत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली, त्यानंतर कित्येक दिवस घराघरात वाळत्या गाळाचा तोच वास होता. तरी खात्री करून घेतली. सीटबेल्ट पूर्ण ओढून काढला, तर शेवटच्या वीतभरावर मातकट रेघ. डॅशबोर्डखाली वायरिंगचा एक कपलर उघडला, पितळी पिना हिरव्या पडलेल्या. मागच्या ॲक्सलच्या हाऊसिंगचा (गिअरच्या पेटीचा) बोल्ट सैल करून थेंब बोटावर घेतला, ऑइल चहात दूध घातल्यासारखं. पुरात बुडलेली गाडी विकू नये असं मी म्हणत नाही. आमच्या गावात लोकांचं सगळं गेलं, गाडी विकून चार पैसे मिळाले तर ते मिळायला हवेत. पण घेणाऱ्याला सांगून विकावी. न सांगितलेल्या पाण्याने बेअरिंग सहा महिन्यांनी जातं, वायरिंग वर्षाने पेटतं आणि तेव्हा गाडीत तिसरंच कोणीतरी बसलेलं असतं.

पाचवी गाडी मी २ लाख ३५ हजारांना घेतली. तीही धडधाकट नव्हती, पण चेसिस सुरेख होतं आणि मालकाने जे खराब होतं ते आपण होऊन दाखवलं. बाकी सगळं बदलता येतं. पुढची चाकं जॅकवर घेऊन वर-खाली हलवली तर किंगपिनला (ज्या खिळीवर चाक वळतं तिला) खेळ होता, पुढच्या ॲक्सलच्या टोकांच्या गोळ्यांतून ऑइल पाझरत होतं. अशी गाडी पन्नास-साठच्या वेगात एखाद्या खड्ड्यात आदळली की स्टीअरिंग हातात थरथरायला लागतं आणि गाडी थांबेपर्यंत थांबत नाही. फोर व्हील तपासायला मी ती मोकळ्या शेतात नेली. पोरं डांबरावरच फोर व्हील टाकून वळवून बघतात, तसं करू नका. या गाड्यांत पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मधे वेगाचा फरक झेलणारं काही नसतं. कोरड्या डांबरावर वळताना सगळा ताण शाफ्टवर आणि ट्रान्सफरच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) गिअरवर येतो. माती असली तर चाक थोडं घसरून तो ताण सोडतं.

पहिले पैसे ब्रेकवर. डिस्कचे पॅड, मागचे लायनर, व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरचं किट, रबरी होज आणि एकूण एक लोखंडी पाइप नवे. १२,६०० रुपये. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं आणि आमच्या कोकणात त्याला काय तोटा! पाणी प्यायलेलं ऑइल लांब उतारावर तापलं की उकळतं, पेडल स्पंजासारखं होतं. म्हणून जुनं ऑइल थेंबभरही ठेवलं नाही. मग पुढची बेअरिंगं आणि सील, मग पाट्यांचे बुश आणि तडा गेलेले दोन पाटे. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते मालकाला आठवेना, म्हणून तोही नवा टाकला. टायरची नक्षी चांगली होती, पण बाजूला कोरलेला चार आकडी नंबर २३१४, म्हणजे २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातले. रबर कडक झालेलं. पाचही नवे घेतले, कंपनीच्याच मापाचे, २०५/७० आर १५. सगळं मिळून ७२,६०० रुपये गेले, गाडीच्या किमतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. जुनी जीप घेणाऱ्याने एवढे पैसे खिशात ठेवूनच सौदा करावा. तेवढे उरत नसतील तर स्वस्तातली गाडी बघावी किंवा थांबावं.

मोठे टायर, उंच केलेले पाटे, लोखंडी गार्ड याबद्दल पोरांशी माझा नेहमी वाद होतो. चाक मोठं झालं की तेच ब्रेक अपुरे पडतात, बेअरिंगवर भार वाढतो, स्पीडोमीटर खरा वेग सांगत नाही. आणि कायदाही आहे. गाडीच्या मूळ रचनेत कंपनीने दिलेल्या तपशिलाबाहेर बदल करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ प्रमाणे अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पुढच्या गार्डना तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच मनाई केली.

कागदांचं थोडक्यात सांगतो. मालकी बदलण्याच्या नमुना २९ आणि ३० वर सह्या घेऊन कागद कपाटात ठेवणारे पुष्कळ आहेत. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाईही त्याच्याच गळ्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये सांगितलंय. तेव्हा ही घाई घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याला असली पाहिजे. विमाही आपल्या नावावर करून घ्या, नुसता चालू असून भागत नाही.

आता मुख्य मागणी. माझी गाडी मे २००९ ची, म्हणून २०२४ मध्ये तिला १५ वर्षं झाली. नोंदणीचं नूतनीकरण करायला नमुना २५ भरून गाडी तपासणीला नेली. एप्रिल २०२२ मध्ये या कामाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली होती. ती भरायला माझी हरकत नव्हती. पण पाच हजार घेऊन काय बघितलं? दिवे, हॉर्न, वायपर, नंबर प्लेट. चेसिस नंबरचा कागदावर पेन्सिलीने ठसा घेतला. गाडीच्या खाली कोणी वाकलंसुद्धा नाही. तिथल्या माणसाला मी दोष देत नाही. दिवसभर उन्हात उभा राहून तो गाड्या बघत होता. वाकून बघायला तिथे खड्डा नव्हता, रॅम्प नव्हता. दापोलीची ती भुसा झालेली गाडी त्याच मैदानात उभी केली असती तर तिलाही पुढची पाच वर्षं मिळाली असती.

एसटीत आम्ही गाडी पिटवर (तपासणीच्या खड्ड्यावर) घेतल्याशिवाय सोडत नव्हतो. खाली एक माणूस, हातात हातोडी, चेसिस, पाटे, यू-बोल्ट, पाइप एका ओळीत बघत जायचा. सरावाच्या माणसाला दहा मिनिटं पुरतात. परिवहन खात्याने पंधरा वर्षांपुढच्या प्रत्येक गाडीसाठी ही दहा मिनिटं सक्तीची करावीत. जिथे तपासणी होते तिथे एक पिट बांधावा. जांभा आणि सिमेंटचं काम, त्याला कुठलं यंत्र लागत नाही. दुसरं, विमा कंपनीने एखाद्या गाडीचा पुरामुळे पूर्ण नुकसान म्हणून दावा मंजूर केला की तशी नोंद त्या गाडीच्या सरकारी माहितीत कायमची चढावी. आज आरसी बुकात त्यासाठी रकानाच नाही. महाड, चिपळूण, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातल्या किती गाड्या २०२१ साली पाण्याखाली होत्या ते आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्या गेल्या कुठे, हे घेणाऱ्याला कळायला हवं.

ब्रेकचा पाइप फुटला त्या पोराने गाडी आठ दिवस माझ्याकडेच ठेवली. टपावरची लाइटची पट्टी आणि मोठे टायर विकले, त्या पैशांत पाइप, सिलिंडर, होज सगळं नवं टाकलं. काम त्याने स्वतः केलं, मी शेजारी उभा होतो. ब्रेकच्या पाइपातली हवा काढताना पेडलवर त्याचे वडील बसले होते. परवा तो घाट चढून उतरून आला आणि गाडी सरळ माझ्या खड्ड्यावर लावली, पुन्हा एकदा खालून बघायला.

आपला नम्र,
एक निवृत्त एसटी मेकॅनिक,
चिपळूण, जि. रत्नागिरी