नुसते ठळक अक्षर म्हणजे मथळा नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मी सोलापुरातील एका छापखान्यात अठ्ठावीस वर्षे मुद्रितशोधक होतो. काचबिंदूमुळे दृष्टी गेल्यापासून माझे वाचन कानांवर चालते. संगणकावर एनव्हीडीए हा मोफत मिळणारा स्क्रीन रीडर आहे, तो पडद्यावरचा मजकूर मला वाचून दाखवतो. गेल्या महिन्यात नातीच्या प्रवेशासाठी एका शिक्षणसंस्थेच्या संकेतस्थळावरील माहितीचे पान मी उघडले. मला हवी होती फक्त शुल्क भरण्याची शेवटची तारीख. एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर जाण्यासाठी ‘एच’ ही कळ दाबली, तर पुढे शीर्षकच नाही, असे उत्तर आले. शेजारी बसलेली नात म्हणाली, “आजोबा, मोठ्या निळ्या अक्षरांत सात-आठ हेडिंग आहेत की हो इथे!” खोटे कोणीच बोलत नव्हते.

वेबपान ज्या एचटीएमएल भाषेत लिहितात तिच्यात शीर्षकांसाठी एच१ ते एच६ अशा सहा पातळ्यांच्या खुणा आहेत. पान करणाऱ्याने साध्या परिच्छेदाची अक्षरे मोठी, ठळक आणि निळी केली, तर डोळ्यांना तो मथळा दिसतो. स्क्रीन रीडर मात्र आकाराकडे न पाहता खुणेकडे पाहतो आणि खूण नसेल तर तो मजकूर इतर ओळींसारखाच सरळ वाचत जातो. खुणा असल्या की ‘एच’ कळीने पुढचे शीर्षक मिळते, २ हा आकडा दाबला की दुसऱ्या पातळीचे पुढचे शीर्षक मिळते, आणि सगळ्या शीर्षकांची यादीही एका जागी ऐकता येते. डोळस वाचक पानावरून नजर फिरवून जे काम दोन क्षणांत करतो, तेच हे. सिटी बसमध्ये कंडक्टरने ‘सात रस्ता’, ‘आसरा’ असे पुकारले नाही, तर माझ्यासारख्याला प्रत्येक थांब्यावर शेजाऱ्याला विचारावे लागते. त्या पानावर माझे तसेच झाले, आणि तारीख शेवटी नातीनेच सांगितली.

ही चूक का होते, हे मला छापखान्यातल्या सवयीवरून समजते. आमच्याकडे मथळ्याचा टाइप ठरवला की त्याचा दर्जा आपोआप ठरत असे. मोठा टाइप तो मुख्य मथळा, त्याहून लहान तो उपमथळा. वेबवर या दोन गोष्टींची फारकत झाली आहे. दर्जा एचटीएमएलच्या खुणेने सांगायचा आणि आकार, रंग, जाडी सीएसएस या पानाचे रूप ठरवणाऱ्या वेगळ्या भाषेने ठरवायची. हे लक्षात न घेतल्याने उलटी चूकही सर्रास होते. एच२ची अक्षरे फार मोठी दिसतात म्हणून एच१नंतर थेट एच४ लावले जाते, किंवा एखादी सूचना उठून दिसावी म्हणून अख्खा परिच्छेद एच३मध्ये घातला जातो. मग ऐकणाऱ्याला वाटते, मधला एखादा भाग आपल्याकडून सुटला. एका पानावर एकच एच१ असावे असा सक्तीचा नियम नाही, पण पानाचे नाव एच१, त्यातील भाग एच२ आणि पोटभाग एच३ हा क्रम पाळला तर कोणाचाच गोंधळ होत नाही. शीर्षकाचे शब्दही महत्त्वाचे आहेत. ‘माहिती’, ‘सूचना’, ‘इतर’ अशा शीर्षकांची यादी ऐकून काय कळणार? ‘शुल्क भरण्याची मुदत’ असे लिहिले की काम झाले.

आपल्याकडे निम्म्याहून अधिक गोष्टी वर्डमध्ये टंकून पीडीएफ करून चढवल्या जातात, असा माझा अनुभव आहे. तिथेही ओळ निवडून अक्षरे ठळक करणारे ‘बी’ हे बटण दाबण्याऐवजी ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ या शैली वापराव्यात आणि फाइल ‘प्रिंट’मधून न काढता ‘सेव्ह अ‍ॅज’मधून पीडीएफ करावी, म्हणजे खुणा टिकतात. टंकलेखकाचाही यात लाभ आहे, कारण अनुक्रमणिका आपोआप तयार होते. सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून चढवला, तर मात्र त्यात शीर्षकच काय, वाचता येईल असे अक्षरही राहत नाही.

वेब सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांत शीर्षकांची रचना खुणांमधून कळावी ही अट सर्वांत प्राथमिक ‘ए’ स्तरावर आहे, आणि शीर्षक आशय सांगणारे असावे ही अट ‘एए’ स्तरावर. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६चा आहे, आणि डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी सांगितले आहे. कायद्याचा धाक दाखवण्यासाठी मी हे लिहीत नाही. मोठ्या अक्षरांच्या त्या सात-आठ ओळींना योग्य खुणा लावायला जाणत्या माणसाला दहा मिनिटेही लागणार नाहीत, आणि त्यासाठी नवे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही.

शहरातील संगणक शिकवणाऱ्या वर्गांनी विद्यार्थ्यांना एक सोपी परीक्षा द्यावी: स्वतः केलेले पान उघडायचे, पडदा बंद करायचा आणि एनव्हीडीए लावून फक्त ‘एच’ कळीवर त्यातील एखादी तारीख शोधून दाखवायची.

आपल्या दैनिकाच्या संकेतस्थळाबद्दलही एक विनंती आहे. बातम्यांचे मथळे तिथे दुसऱ्या पातळीवर आहेत हे उत्तम, परंतु मधल्या जाहिरातींच्या ओळींनाही तीच पातळी दिलेली आहे. त्यामुळे दर दोन बातम्यांनंतर माझ्या कानी गृहकर्जाचा मथळा पडतो. जाहिरातींवरची ती खूण तेवढी काढून घ्यावी.

आपला,
एक जुना वाचक
सोलापूर