डॉक्टर मॅडम, तुम्ही आईला आत बोलावलंत

आदरणीय डॉक्टर मॅडम,

तुमचं एमडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरांचं पुढचं शिक्षण, संपलं आणि तुम्ही नागपूर सोडलंत, एवढंच मला शासकीय दंत महाविद्यालयात कळलं. आता कुठे आहात ते कुणाला सांगता आलं नाही, म्हणून हे उघडं पत्र. कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेलच.

मी पांढरकवड्याकडची. वरचे पुढचे दात एकावर एक चढलेले आणि त्यांच्यावर तपकिरी पट्टे असलेली. तुम्ही रोज इतकी तोंडं पाहत होतात, तरी आईला आत बोलावलं होतं म्हटलं की तुम्हाला आठवेल.

आमच्याकडे असे दात दिसले की लोक पहिल्यांदा एकच विचारतात, "खर्रा खाते काय वं पोरगी?" खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण; मी उभ्या जन्मात तो तोंडाला लावलेला नाही. शाळेत एका सरांनी सगळ्या वर्गासमोर दात घासून यायला सांगितलं होतं. बघायला आलेल्या पाहुण्यांनी मागाहून निरोप धाडला, मुलगी चांगली आहे पण व्यसनी दिसते. लोकांचं मी एक वेळ सोडून देईन. पण जे दातांचंच शिकून खुर्चीशेजारी उभे राहतात त्यांचं काय? एका दवाखान्यात दात साफ करून दिले, पैसे घेतले आणि दोन वेळा ब्रश करायची ताकीद दिली. डाग जागचा हलला नाही. दुसरीकडे सांगितलं, पुढचे दात घासून बारीक करू आणि वर कॅप बसवू, सरळही दिसतील आणि पांढरेही. ऐन विशीतल्या पोरीचे धडधाकट, जिवंत दात! आकडा ऐकून बाबा गप्पच झाले. आणि जाताना आईला ऐकवलं, लहानपणीच लक्ष दिलं असतं तर ही वेळ आली नसती. आई बसमध्ये काही बोलली नाही. तिचं ते न बोलणं आजही माझ्या मनातून जात नाही.

तुम्ही मात्र माझं तोंड उघडायला सांगायच्या आधी गाव विचारलंत. मग पाणी. "लहानपणी कुठलं पाणी प्यायचीस? हँडपंपाचं? शाळेतल्या मैत्रिणींचे दात कसे आहेत?" मैत्रिणींचेही असेच आहेत म्हटल्यावर तुम्ही मान हलवलीत. यवतमाळ जिल्ह्याच्या या पट्ट्यात जमिनीखालच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते जाऊ नये, असं मानक सांगतं. पक्के दात हिरडीच्या आत घडत असतात त्या वयात, साधारण आठव्या वर्षापर्यंत, असं पाणी पोटात जात राहिलं की दाताचं वरचं कवचच सदोष तयार होतं. दात बाहेर येतो तो ती खूण घेऊनच. मग कितीही ब्रश करा, मिठाने घासा, लिंबू चोळा, ती जात नाही. उलट लिंबाने कवच आणखी झिजतं. याला फ्लोरोसिस म्हणतात, हे मला तुमच्याकडून पहिल्यांदा कळलं.

आणि मग तुम्ही हातमोजे काढलेत. मला वाटलं, झालं. पण तुम्ही बाहेर गेलात, बाकावर डबा मांडीवर घेऊन बसलेल्या माझ्या आईला हाताला धरून आत आणलंत आणि तुमच्या स्वतःच्या स्टुलावर बसवलंत. म्हणालात, "आई, पोरगी दात नीट घासते. तुमचंही काही चुकलं नाही. पाणी तसं होतं." आईने पदर तोंडाला लावला. मागे रांग होती, तुमचे सर येरझाऱ्या घालत होते, तरी ती शांत होईपर्यंत तुम्ही तिच्याजवळ उभ्या राहिलात. गावात आमच्या मागे काय बोललं जातं हे तुम्हाला कुणीच सांगितलेलं नव्हतं. तुम्हाला ते आपणहून कसं समजलं?

पुढचं सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. आधी तारा, मग रंग, कारण तारेच्या चकत्या निघाल्याशिवाय दाताचा सगळा भाग सारखा उजळत नाही. डाग हलक्या आम्लाने आणि प्युमिस नावाच्या दगडाच्या बारीक पुडीने घासून फिके केलेत, मग ब्लीचिंग, आणि जिथे कवच खड्ड्याखड्ड्यांचं होतं तिथे कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण. एकही दात बारीक केला नाहीत. जाहिरातीतल्यासारखे पांढरेशुभ्र होणार नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगितलंत, म्हणून नंतर कधी फसवणूक वाटली नाही. आज माझे दात सरळ आहेत, दुधाळ आहेत, आणि मी ऑफिसात तोंडावर हात न धरता बोलते.

मशिनं, औषधं, पदव्या सगळीकडे असतात. समोरच्याला आधी दोषी न धरता विचारणारं माणूस मात्र शोधावं लागतं. तसं माणूस एस.टी.त भेटतं, तहसील कचेरीतल्या एखाद्या टेबलावर भेटतं, आणि भेटलं की दिवसभर बरं वाटतं. अशा माणसांवरच आमच्यासारख्यांची कामं होतात, हे मी आता अगदी खात्रीने म्हणते.

आमच्या तालुक्यातल्या शाळांमध्ये असे दात घेऊन बसलेली पोरं अजून आहेत. त्यांच्या मास्तरांना आणि आयांना मी भेटेन तिथे तुमचंच वाक्य सांगते. पोरांना घेऊन नागपूरला जा, सरकारी दवाखान्यात दाखवा, आणि तोवर पिण्याचं पाणी तपासून घ्या, असंही सांगते.

दात पुन्हा सरकू नयेत म्हणून दिलेला रिटेनर रोज रात्री लावते. आईचा निरोप आहे, डिसेंबरात तुरीच्या शेंगा भरतात, तेव्हा घरी या. शेंगा उकडून ठेवीन म्हणते. पाणी आता फिल्टरचं आहे, हेही लिहायला सांगितलंय.

तुमची,
पांढरकवड्याकडची पेशंट