खरवडलेलं डांबर फेकू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

आमच्याकडं जुळे सोलापुरात रस्ता करायचा म्हटलं की जुन्यावरच डांबराचा नवीन थर टाकतात, तीनदा झालं असं, आता रस्ता आमच्या उंबऱ्याच्या वर आलाय आणि जोराचा पाऊस आला की पाणी सरळ हॉलमध्ये. आई रात्री उठून दाराला गोणपाट लावत बसते. यंदा पलीकडच्या रस्त्यावर जुना थर खरवडून काढणारं मिलिंग मशीन आलं तेव्हा बरं वाटलं, पण खरवडून निघालेला सगळा चुरा ट्रॅक्टरनं नेऊन मोकळ्या प्लॉटवर ओतला.

मी बरीच वर्षं हॉटमिक्स प्लांटवर, म्हणजे खडी-डांबर तापवून मिसळतात तिथं, काम केलंय, मला ते बघवलं नाही. त्या चुऱ्यात चांगली खडी असते आणि टनामागं साधारण ४०-५० किलो डांबर, जे आपला देश बऱ्याच प्रमाणात बाहेरून विकत आणतो! ते डांबर म्हातारं झालेलं असतं एवढंच. आधी प्लांटमध्ये तापताना, मग वर्षानुवर्षं ऊन आणि हवा लागून त्यातला तेलकट भाग कमी होतो, अस्फाल्टीन म्हणजे कडक, जड भाग वाढतो, म्हणून ते कडक होतं आणि तडकतं. रिजुव्हिनेटर, म्हणजे जुनं डांबर मऊ करणारं तेलासारखं द्रव्य, घातलं की तेलकट भाग भरून निघतो. झालेलं ऑक्सिडेशन काही मागं फिरत नाही, पण डांबर परत मऊ होऊन खडी धरायला लागतं, आणि तो चुरा नव्या खडी-डांबरात मिसळून रस्त्यालाच वापरता येतो.

फक्त डोस अंदाजानं टाकायचा नाही. भज्याचं वापरलेलं तेल घालूनही डांबर मऊ होतं, त्यावर प्रयोग झालेत, पण जास्त झालं तर आपल्या मे महिन्यात, पारा ४३ आणि रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशाच्या वर, ट्रकच्या चाकाखाली चर पडणार, खडी सुटणार. कमी पडलं तर चुऱ्यातलं डांबर नव्या डांबरात नीट मिसळतच नाही, नुसती काळी खडी घातल्यासारखं होतं. म्हणून आधी जुनं डांबर लॅबमध्ये वेगळं काढून त्याचं पेनिट्रेशन (सुई किती रुतते), सॉफ्टनिंग पॉइंट (किती तापल्यावर मऊ पडतं), ६० अंशाची व्हिस्कॉसिटी (किती घट्ट वाहतं) बघायची आणि मग डोस ठरवायचा. चुरा शेडखाली ठेवायचा, ओला असला तर पाणी उडवण्यातच इंधन जातं. आणि थेट ज्वाळेत तर अजिबात नाही, डांबर जळतं, नवी खडी जास्त तापवून तिच्या उष्णतेवर चुरा गरम करायचा. हे मी मनानं सांगत नाही, इंडियन रोड्स काँग्रेसचा आयआरसी १२०, २०१५ चा, डांबरी रस्त्यांच्या रिसायकलिंगवरच आहे.

महापालिकेला हात जोडून विनंती आहे, पुढच्या टेंडरात चुरा परत वापरायची अट घाला, खरवडलेल्या मालाचं वजन करून नोंद ठेवा, टेस्टचे रिपोर्ट लोकांना बघू द्या. आधी कॉलनीतला एखादा रस्ता करा, दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे बघा, मगच विजापूर रोडसारख्या जड वाहतुकीच्या रस्त्याला हात घाला. आणि जेवढा थर खरवडाल तेवढाच नवा टाका, रस्ता आणखी वर चढवू नका.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर